मुंबईच्या कापड गिरण्यांतील यंत्रसुरक्षा आणि कामाच्या सुरक्षित पद्धतीचा नियम : एक ऐतिहासिक अभ्यास (१८५४-१९८७)

प्रस्तावना

कारखान्यातील धोका ओळखणे, त्याची तीव्रता ठरविणे आणि काम करण्याची सुरक्षित पद्धत लेखी स्वरूपात घालून देणे, हा क्रम औद्योगिक व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाला आहे. मात्र ही पद्धत केवळ व्यवस्थापनशास्त्राची देणगी आहे, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. अपघाताचा खर्च कोणी सोसावयाचा, या वादातूनही ती घडत गेली. भारतात या वादाचे एक आरंभीचे क्षेत्र म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्या होत.

गिरणीतील धोक्याचे स्वरूप

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीत १८५६ पासून उत्पादन सुरू झाले. त्या काळी वाफेच्या इंजिनावर संपूर्ण गिरणी चाले. इंजिनाची गती छताजवळून जाणाऱ्या शाफ्टांतून आणि चामडी पट्ट्यांतून प्रत्येक साच्यापर्यंत पोहोचे. एखादा साचा थांबवावयाचा तर त्याचा पट्टा घट्ट बसविलेल्या कप्पीवरून मोकळ्या कप्पीवर सरकवावा लागे. वरचा शाफ्ट आणि पट्टा मात्र फिरतच राहत. म्हणजे यंत्र थांबले तरी धोका थांबत नसे. धोतराचा सोगा पट्ट्यात अडकला तर माणूस ओढला जाण्यास क्षणही लागत नसे. त्यात साचेवाल्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरे. साचा बंद ठेवून साफ करावा तर त्याची स्वतःचीच मजुरी बुडे. ज्याला ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ म्हटले गेले, त्याचा बराचसा भाग या मजुरीच्या पद्धतीत दडलेला होता.

१८८१ चा कायदा आणि लोखंडे यांची मागणी

मुंबई सरकारने १८७५ मध्ये नेमलेल्या आयोगानंतर कायदा लगेच झाला नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा संमत झाला. (त्यामागील लँकेशायरच्या गिरणीमालकांचा आग्रह निव्वळ भूतदयेचा नव्हता, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.) यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले, धोकादायक यंत्रभागांना आडोसा घालण्याची व अपघाताची खबर देण्याची तरतूद केली. प्रौढ कामगारांच्या तासांबाबत तो मौन राहिला. जखमी माणसाचे पुढे काय, याबाबतही.

ही उणीव नारायण मेघाजी लोखंडे यांनी नेमकी हेरली. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभांनंतर सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन सादर करण्यात आले. साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील मागण्या सर्वपरिचित आहेत. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेली मागणी अशी की, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. अपघात हा दैवाचा भाग नसून कारखान्याच्या खर्चाचा भाग आहे, हा विचार या मागणीत अनुस्यूत आहे. ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांच्या दूरदृष्टीचा यापेक्षा ठळक पुरावा क्वचितच सापडेल.

नियमाची दुहेरी धार

नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, १९२३ मध्ये झाला. त्यात एक अपवाद होता. सुरक्षेसाठी स्पष्टपणे घालून दिलेला नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा यंत्रावरील संरक्षक आडोसा हेतुतः काढला असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नसे. मृत्यूच्या प्रकरणांत ही सवलत पुढे काढून घेण्यात आली. तथापि या अपवादामुळे लेखी नियम हा कामगाराच्या रक्षणाचा दस्तऐवज असतानाच मालकाच्या बचावाचाही दस्तऐवज ठरला. भिंतीवर सूचना लावली की कर्तव्य संपले, ही वृत्ती अशाच तरतुदींच्या आश्रयाने वाढली.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याने नियमाला अधिक नेमका आशय दिला. फिरत्या यंत्राची तपासणी करावयाची तर ती खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच, अंगासरशी घट्ट कपडे घालून करावी. कपडे कारखान्याने पुरवावेत आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे, असे कलम २२ सांगत होते. घातक वायूची शक्यता असलेल्या टाकीत उतरण्यापूर्वी तज्ज्ञाचा लेखी दाखला हवा, अन्यथा श्वसनसाधन व दोर हवा आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती हवे, असे कलम ३६ होते. कायद्याचा सारांश इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावणे बंधनकारक होते.

तरीही भोपाळच्या कारखान्यात २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा टाकीची शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा जोडणीतून काढलेला होता. उपकरणे होती, ती चालू असल्याखेरीज काम करू नये, हा दंडक पाळला गेला नाही. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण कायद्यात घातले. धोक्याची माहिती मिळविण्याचा आणि नजीकचा धोका दिसल्यास व्यवस्थापनाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क त्यामुळे कामगाराला मिळाला. लोखंडे यांच्या निवेदनाला तेव्हा १०३ वर्षे झाली होती. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरण्यांचे भोंगे तोवर बंद पडू लागले होते.