कुटुंबाभ्यास : अष्टमी-रोहे परिसर

कुटुंबाभ्यास : कुटुंबाची रचना, त्यातील नाती, मालमत्तेची वहिवाट आणि घटकांची कर्तव्ये यांत कालमानाने पडत गेलेल्या पालटाचे समाजशास्त्र, मानवशास्त्र व इतिहास यांच्या साहाय्याने केलेले परिशीलन. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात कुंडलिकेच्या तीरी, रोह्याच्या समोर वसलेले व त्याच्याशी एकाच नगरपालिकेने जोडलेले अष्टमी हे गाव या विषयाच्या जिज्ञासूस फार बोधप्रद आहे. कारण जमिनीला बांधलेली, चाकरीसाठी मुंबईस गेलेली, समुद्रापार स्थायिक झालेली आणि जमिनीवाचून हिंडणारी अशी नाना तऱ्हेची कुटुंबे या एकाच टापूच्या इतिहासात आढळतात.

शास्त्र म्हणून या विषयाची उभारणी होण्यापूर्वीही कुटुंबाचे दप्तर महाराष्ट्रात होतेच. वतनाच्या तक्षिमा (हिस्सेवाटण्या), महजर (निवाडापत्रे) आणि वाटणीपत्रे यांत भाऊबंदांचे हक्क, विधवेची पोटगी व दत्तकाचा अधिकार यांचा तपशील मिळतो. कोकणातील खोतीचा, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याच्या वतनाचा, कारभार तर हिस्सेदारांत पाळीपाळीने फिरे, आणि १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली तेव्हा अनेक घराण्यांना एकत्र धरून ठेवणारा एक बळकट आर्थिक दोर तुटला.

वि. का. राजवाडे यांनी विवाहसंस्थेच्या उगमाचा शोध प्राचीन वाङ्मयात घेतला, गो. स. घुर्ये यांनी पुण्याजवळील लोणीकंद गावाची एकोणिसाव्या शतकारंभीच्या टॉमस कोट्स यांच्या वृत्तान्ताशी तुलना करून १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि एकाच गावाकडे दीर्घ कालान्तराने पुन्हा पाहण्याचा उत्तम पायंडा पाडला. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांचे प्रादेशिक विभाग पाडून महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्या संगमाचा प्रदेश ठरविला : येथे अनेक जातींत मामाची मुलगी करण्यास मुभा, आतेबहिणीशी विवाह मात्र सामान्यतः अमान्य. एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक कुलाचार ही त्यांनी सांगितलेली एकत्र कुटुंबाची लक्षणे प्रमाणभूत मानली गेली. पुढे गुजरातेतील महुवा येथे आय. पी. देसाई यांनी, चुली विभक्त झाल्या तरी मालमत्ता व परस्पर जबाबदारी यांनी कुटुंब एकत्र राहू शकते, असे दाखविले. कोकणापुरते बोलायचे तर देसाईंचाच दृष्टिकोन अधिक यथार्थ वाटतो.

याचे कारण मुंबई. गिरणीत वा कचेरीत राबणारा पुरुष खोलीवर जेवी, त्याची मनिऑर्डर गावी येई, आणि शेत, म्हातारी माणसे, मुले व देवकार्य हा सारा भार त्याची पत्नी सासूच्या देखरेखीखाली वाहत असे. एका चुलीवर जेवणारांस एक कुटुंब धरणाऱ्या खानेसुमारीस येथे दोन कुटुंबे दिसतील. प्रत्यक्षात कुटुंब एकच होते, आणि त्याचा कणा, कर्ता कागदोपत्री कोणीही असो, ती गावची स्त्रीच होती.

या परिसरातील बेने इस्राएलांचा वृत्तान्त याहून विलक्षण आहे. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे हे मराठीभाषक यहुदी मुंबईस, पलटणीत व सरकारी नोकरीत गेले. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलात गेले. तेथे त्यांच्या विवाहांच्या धर्मशुद्धतेविषयी धर्माधिकाऱ्यांनी शंका काढल्या, तेव्हा त्यांनी चळवळ केली आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांस पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे ते आजही लावतात.

याउलट कातकरी या आदिवासी समाजात विवाहानंतर मुलगा बहुधा लवकरच वेगळी झोपडी घालतो, आणि कोळसा वा वीटभट्टीच्या हंगामात सबंध संसार स्थलांतर करतो. एकत्र कुटुंब हा समस्त समाजाचा प्राचीन नियम होता, ही समजूत पुष्कळ अंशी जमीनधारकांच्या अनुभवावरून रूढ झाली, असेच यावरून म्हणावे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळच्या धाटावची औद्योगिक वसाहत व १९८६ ची पनवेल-रोहे लोहमार्ग जोडणी यांनी रोजगार घराजवळ आणला. मालमत्तेच्या दप्तरात मात्र जुनीच रीत होती : सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा असे व बहिणींचा मागमूस क्वचित लागे. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला, केंद्राने २००५ मध्ये तसाच हक्क देशभर लागू केला. तथापि हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेण्याची रीत गेलेली नाही. या परिसराच्या अभ्यासकांनी फेरफार नोंदी, सर्व धर्मांच्या विवाहनोंदी आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी एकत्र ठेवूनच वाचाव्यात.