नारू, धोतरा आणि कलम ३०४-अ

जालना जिल्ह्यातील जुन्या पिढीला नारू म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पायऱ्यांच्या बारवेतले पाणी पोटात गेले, की वर्षभराने पायाला फोड येऊन त्यातून पांढरा दोरा डोकावे. तो काडीला गुंडाळत इंच इंच ओढून काढायचा, एवढाच खरा इलाज. नारू मारणारे औषध तेव्हा नव्हते, आजही नाही. असाध्य दुखण्यापुढे माणूस हतबल होतो आणि अशा वेळी छातीठोकपणे दिलेले कोणतेही औषध त्याला आधार वाटते.

याच नारूने भारतीय कायद्याला एक महत्त्वाचा निवाडा दिला. मध्य प्रदेशातील जुग्गन खान या नोंदणीकृत होमिओपॅथने नारू झालेल्या एका तरुणीला स्ट्रॅमोनियमचे चोवीस थेंब आणि धोतऱ्याचे एक पान दिले. स्ट्रॅमोनियमही धोतऱ्याचेच. तरुणी त्याच दिवशी दगावली. खालच्या न्यायालयांनी हा खून ठरवून जन्मठेप दिली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली. ठार मारण्याचा हेतू सिद्ध झाला नव्हता; परंतु परिणामांचा पुरता अभ्यास न करता विषारी द्रव्य देणे हे कलम ३०४-अ खाली बसणारे कृत्य होते. शिक्षा झाली दोन वर्षे सक्तमजुरीची.

हे कलम १८६० च्या मूळ दंडसंहितेत नव्हते. ते १८७० मध्ये आले. त्यात बेदरकारपणा आणि हयगय असे दोन शब्द शेजारी नांदतात. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे. बेदरकार माणसाला धोका दिसतो, तरी तो पुढे जातो; हयगय करणाऱ्याला तो दिसायला हवा होता, पण दिसत नाही. मराठी बातमीतला ‘निष्काळजीपणा’ हा भेद पुसून टाकतो. मृत्यू थेट त्या कृत्यातूनच घडला पाहिजे, ही अट मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी १९०२ मध्येच घातली होती.

मुंबईच्या पूनम वर्मा प्रकरणात हाच प्रश्न भरपाईच्या अंगाने उभा राहिला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या व्यक्तीने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली. १९९२ मध्ये रुग्ण दगावला. जी पद्धती आपण शिकलो नाही तिची औषधे देणे हीच मुळात हयगय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. महाराष्ट्राने मात्र २०१४ मध्ये कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना अ‍ॅलोपॅथीची दारे उघडली. खेड्यात दुसरा डॉक्टर नसतो, हे त्यामागचे कारण खोटे नव्हे. पण एका वर्षात ‘पुरता अभ्यास’ होतो काय, हा १९६४ चा प्रश्न त्याने मिटत नाही.

तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. प्रत्येक मृत्यूमागे पोलीस आले, तर कोणता डॉक्टर जोखमीचा रुग्ण हाती घेईल? म्हणून २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी दोषासाठी हयगय ढोबळ व गंभीर असण्याची अट घातली आणि खटल्याआधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत आवश्यक मानले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये इतरांना पाच वर्षांपर्यंत, तर वैद्यकीय प्रक्रिया करताना हयगय झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. तो गेला गाळलेल्या पाण्याने, सुधारलेल्या विहिरींनी आणि घरोघर फिरलेल्या आरोग्यसेवकांनी. औषध नव्हतेच, आणि ‘औषध नाही’ एवढे प्रामाणिक वाक्य त्या तरुणीला कोणी ऐकवले असते, तर ती जगली असती.