'सुलतान' इंजिनामागचे खलाशी

ठाणे-कल्याणचा इतिहास सांगायचा म्हटला की आम्ही बहुधा सुलतान, सुभेदार आणि पीर-अवलिया यांच्यापाशीच थांबतो. अल्-बीरूनीने अकराव्या शतकात कोकणची राजधानी म्हणून ठाण्याची नोंद केली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु याच परिसराने गेल्या पावणेदोनशे वर्षांत आधी वाफेचे आणि मग विजेचे युग पाहिले. ते युग ज्यांच्या हातांनी उभे केले, त्यांची नोंद आमच्या इतिहासलेखनात फारशी आढळत नाही.

कल्याण हे मुळात बंदर. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि येथील खाडीत जहाजे बांधण्यास सुरुवात केली. त्या कामी पोर्तुगीज कारागिरांचीही मदत झाली. पुढे महाराजांच्या आरमाराच्या प्रमुखांत दौलतखान होता. जहाजावर राबणाऱ्यास आपण खलाशी म्हणतो. हा अरबी वळणाचा शब्द समुद्रावरून आला, आणि पुढे रेल्वेच्या कारखान्यात मदतनीस कामगाराचे हुद्द्याचे नाव झाला.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. 14 डबे, सुमारे 400 पाहुणे आणि 34 किलोमीटरचे अंतर. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिच्या तीन इंजिनांची नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ठाण्याच्या खाडीवर पूल झाला आणि 1 मे 1854 रोजी गाडी कल्याणला पोहोचली. येथून पुढे एक मार्ग बोरघाटाकडे आणि दुसरा थळघाटाकडे निघाला. त्यामुळे सह्याद्रीचा चढ हा या गावाच्या भाग्याचा प्रश्न ठरला.

बोरघाटाची रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. 37 फूट पुढे जाताना 1 फूट वर, असा तिचा सर्वांत कठीण चढ. 25 बोगदे खोदावे लागले. 1861 च्या सुमारास या कामावर 42 हजारांच्या आसपास मजूर होते, आणि साथीच्या रोगांनी त्यांतील कित्येक दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. तिचे नाव इतिहासाने राखले, आणि ते योग्यच झाले. मजुरांची मात्र केवळ संख्या उरली.

वाफेच्या इंजिनाला हा चढ कायम जड गेला. त्यावर उपाय म्हणून वीज आली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबई-कुर्ला ही देशातील पहिली विद्युत गाडी धावली. विजेच्या तारा कल्याणहून घाटात चढवायच्या, तर मोठ्या वीजपुरवठ्याची गरज होती. म्हणून जी.आय.पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजघर उभारले. ते 1929 मध्ये सुरू झाले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर जनित्र फिरवायचे, अशी त्याची रचना. पाणी उल्हास नदीचे.

या विजेवर घाटात मालगाड्या ओढणारे अडीच हजारांहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन होते. उतारावर त्याची मोटर उलट काम करी, म्हणजे गाडीचा वेग आवरताना वीज निर्माण करून ती तारेत परत सोडी. खाली उतरणारी गाडी अशा रीतीने वर चढणाऱ्या गाडीला हातभार लावी. कामगारांनी त्याला 'खेकडा' म्हटले. 'सुलतान'च्या शेजारी हे नाव आम्हाला अधिक मोलाचे वाटते, कारण ते राबणाऱ्यांनी ठेवले आहे.

चोळ्याचे वीजघर 1980 च्या दशकात बंद पडले. 1,500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची जागा 25,000 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली. दाब वाढला की तेवढ्याच कामाला कमी प्रवाह पुरतो आणि तारेतील नासाडी घटते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील हा बदल 2016 मध्ये पूर्ण झाला.

कारखाना, मजूर, हमाल, औजार, कारागीर हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले, आणि सर्व जातिधर्मांचे कामगार ते आपले म्हणूनच वापरतात. म्हणजे विज्ञानाच्या या इतिहासातील सामायिक वारसा आपल्या बोलण्यात रोज आहेच. आता त्याला नावे जोडली पाहिजेत. कल्याण, ठाकुर्ली, मुंब्रा, ठाणे येथे निवृत्त रेल्वे कामगारांची कुटुंबे आजही राहतात. त्यांच्या पेटीतील नोकरीचे कागद, बिल्ले आणि त्यांनी सांगितलेल्या कामाच्या आठवणी आमच्या तरुण लेखकांनी टिपून घ्याव्यात. वीजघर चालताना पाहिलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या पिढीवर सोपवून चालणार नाही.