खेळातल्या आभाळाची कुळकथा

व्हिडिओ गेममधल्या आभाळाचे मूळ कागदावर सापडते. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांवर चालणारा खेळ निघाला. त्यातल्या जादूगाराच्या वरच्या दर्जाच्या मंत्रांमध्ये हवामान ताब्यात घेण्याचा एक मंत्र होता. पुढे 1983 च्या 'वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक' या संचात हवामानाचे तक्तेच आले. फासे टाकायचे आणि आज ऊन की वादळ हे तक्त्यात पाहायचे. मांडणीवरून पाऊस वाचण्याची रीत वऱ्हाडाला नवी नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यातली मातीची चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. ती किती भिजली हे पहाटे पाहून भाकीत सांगितले जाते. भेंडवळची मांडणी बाहेरच्या पावसाबद्दल बोलते, खेळाचा तक्ता मात्र स्वतःच पाऊस पाडतो.

पडद्यावरचे पहिले ढग निव्वळ शोभेचे होते. निन्तेंदोचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' (1985) अवघ्या 40 किलोबाइटमध्ये बसवलेला. जागा वाचवण्यासाठी त्यात ढग आणि झुडूप यांचे चित्र एकच ठेवले आहे, वर पांढरे आणि खाली हिरवे. खेळणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हे वर्षानुवर्षे लक्षात आले नाही. धुकेही असेच गरजेतून आले. त्रिमिती खेळांच्या सुरुवातीच्या काळात लांबचा देखावा रेखाटण्याचे बळ यंत्रात नव्हते, म्हणून तो धुक्यात बुडवत. 'सायलेंट हिल' (1999) या भयकथेचे धुके त्यातले सर्वांत गाजलेले. यंत्राची उणीव हाच त्या खेळाचा चेहरा ठरला.

अद्भुतकथेच्या खेळांत आभाळाला कथेत जागा मिळाली ती मुख्यतः 'झेल्डा' मालिकेत. 1991 च्या 'अ लिंक टू द पास्ट'ची सुरुवातच वादळी रात्रीने होते. 1998 च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये नायक बासरीसारख्या वाद्यावर वादळाची धून वाजवतो, आभाळ भरून येते, पाऊस कोसळतो. गंमत अशी, की पवनचक्कीत तीच धून वाजवली की गावातली विहीर आटते आणि तळाशी उतरण्याची वाट मोकळी होते. पावसाच्या सुराने विहीर कोरडी पडावी, ही कल्पना विहिरीच्या भरवशावर ओलीत करणाऱ्याला काही रुचणार नाही. 2002 च्या 'द विंड वेकर'मध्ये नायकाच्या हाती एक छडी आहे. ती फिरवून वाऱ्याची दिशा बदलायची आणि होडी हाकायची. म्हणजे इथवर हवामान नायकाच्या मुठीत होते, मंत्राने बोलावलेले.

दरम्यान आभाळ घडवण्याचे तंत्र सिनेमातून येत होते. 'ट्रॉन' (1982) या चित्रपटासाठी काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकाची चित्रे फार गुळगुळीत, यंत्रासारखी वाटली. त्यांनी गणिताने नियंत्रित अनियमितता तयार करण्याची रीत शोधली आणि 1985 मध्ये ती प्रसिद्ध केली. ढग, धूर, संगमरवर हे सगळे तिच्यातून निघते. 1997 मध्ये तिला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ॲमस्टरडॅमच्या गेरिला या संस्थेने अशाच गणितातून 'होरायझन झीरो डॉन' (2017) साठी जाडी असलेले ढग रचले. नजरेची रेषा ढगात टप्प्याटप्प्याने पुढे सरकवायची, प्रत्येक टप्प्यावर बाष्प किती दाट आणि उजेड किती पोचतो ते मोजायचे, अशी ती पद्धत. तरी हे ढग खालून पाहायचे होते. श्रावणात चिखलदऱ्याला ढग रस्त्यावर उतरतो आणि माणूस त्याच्या पोटात शिरतो, तसे ढगात शिरणे याच मालिकेच्या 2023 च्या 'बर्निंग शोअर्स'मध्ये आले.

खरा पालट 'झेल्डा' मालिकेतल्याच 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) ने केला. इथे पाऊस कोणाच्या बाजूचा नाही. कडा ओला झाला की चढणाऱ्याचा पाय घसरतो, चूल विझते. गडगडाट सुरू झाल्यावर पाठीवरच्या लोखंडी तलवारीतून ठिणग्या उडू लागतात. ती तातडीने उतरवली नाही, तर वीज अंगावर. हुशार खेळाडू तीच तलवार शत्रूच्या घोळक्याशेजारी टाकतो आणि वीज त्यांच्यावर पाडतो. वाळवंटात दिवसा उन्हाने जीव जातो, रात्री थंडीने. अकोल्याच्या मे महिन्यात वाढलेल्याला यातले ऊन शिकवावे लागत नाही. पुढच्या काही तासांचा अंदाज पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो, आणि अनुभवी खेळाडू तो पाहूनच कड्याला हात घालतो. मंत्रापेक्षा हा नियम सरस, कारण तो सगळ्यांना सारखा लागू आहे.

तरीही या साहसकथांत पाऊस बहुतेकदा अडचण, नाही तर उदास वातावरण म्हणूनच येतो. त्याची वाट पाहणे दिसते ते शेतीच्या खेळांत. एरिक बॅरोन यांनी एकट्याने केलेल्या 'स्टारड्यू व्हॅली'त (2016) गुहा, राक्षस, जादूगार सगळे आहे, शेतही आहे. पाऊस पडला की त्या दिवशी झारी उचलावी लागत नाही. पाऊस नाही पडला तरी झारी आहेच, आणि पाणी न मिळालेले रोप मरत नाही, फक्त वाढायचे थांबते. पावसाने दडी मारली म्हणून कपाशी-सोयाबीनची दुबार पेरणी करण्याची पाळी त्या शेतकऱ्यावर येत नाही.