पुरुष चळवळीच्या दोन वाटा

‘पुरुष चळवळ’ हा शब्द ऐकताच आपल्याकडे अनेकांना हसू येते. सत्ता ज्याच्या हाती, त्याने चळवळ कशासाठी करावी? प्रश्न रास्त आहे. परंतु या एकाच नावाखाली परस्परविरोधी दोन प्रवाह वाहत आले आहेत आणि दोहोंचा उगम स्त्रीचळवळीच्या निकटच आहे.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतील काही पुरुष ‘मर्दपणा’च्या ओझ्याविषयी एकत्र बसून बोलू लागले. वॉरन फॅरेल हे त्यांपैकी ठळक नाव. स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या न्यूयॉर्क शाखेच्या कार्यकारिणीवरही ते होते. घटस्फोटानंतर मुलांचा ताबा दोन्ही पालकांकडे असावा, या मुद्द्यावरून त्यांचे संघटनेशी बिनसले. पुढे १९९३ मध्ये ‘द मिथ ऑफ मेल पॉवर’ या ग्रंथात पुरुषी सत्ता हे मिथक असल्याचे त्यांनी मांडले. पुरुष हक्कवाद्यांचा तो आधारग्रंथच ठरला. एकाच माणसाने दोन्ही वाटा चालाव्यात, हे बोलके आहे.

कॅनडात उलट घडले. ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रियलच्या अभियांत्रिकी संस्थेत एका बंदूकधाऱ्याने स्त्रीवादाविषयीच्या द्वेषातून १४ स्त्रियांची हत्या केली. त्यानंतर १९९१ मध्ये पुरुषांनीच पुरुषांसाठी ‘पांढरी फीत’ मोहीम आरंभली. फीत लावणारा पुरुष स्त्रियांवर हिंसा न करण्याची आणि ती पाहून गप्प न बसण्याची प्रतिज्ञा करतो.

महाराष्ट्रात ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला तो १८८२ साली. पुरुषांकडून संघटित उत्तर यायला शतक उलटावे लागले! १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी, पत्नीला मारहाण करणे गैर मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे, अशी जाहिरात वृत्तपत्रात दिली. तिला २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ अर्थात ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिचे संस्थापक सदस्य. संस्थेचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक मराठी वाचकांना परिचित आहे.

दुसरा प्रवाह कायद्याच्या अंगाने आला. पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेविरुद्धचे ४९८-अ हे कलम १९८३ चे. त्याच्या गैरवापराची तक्रार करीत २००५ मध्ये ‘सेव्ह इंडियन फॅमिली’ ही संघटना पुढे आली. सरसकट अटक नको, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले. जुलै २०२४ पासून या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेतील ८५ व ८६ या कलमांनी घेतली. वाद मात्र तसाच आहे.

पुरुषांचे दुःख खोटे नाही. २०२२ मध्ये देशातील आत्महत्यांत पुरुषांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. हक्कवादी गट याचा दोष प्रामुख्याने कायद्यांना देतात. परंतु कर्ज, आजार, बेकारी यांपैकी कशाविषयीही मन मोकळे न करण्याची शिकवण मुलाला न्यायालय देत नाही, घर देते. ‘मावा’ने २००६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘युवा मैत्री’ उपक्रमाचा रोख नेमका येथे आहे: शरीर, प्रेम, नकार, राग यांविषयी महाविद्यालयीन मुलांना बोलते करणे, आणि त्यांनी पुढे इतर मुलांना बोलते करणे.