जंगलातल्या शाळा कुणी जाळल्या, कुणी टिकवल्या

1910च्या फेब्रुवारीत बस्तर संस्थानात भूमकाल उसळला. आंब्याची डहाळी, मातीचं ढेकूळ, मिरच्या आणि बाण असा निरोप गावोगाव फिरला आणि पाहता पाहता बाजार लुटले गेले, अंमलदारांची घरं जळली, पोलिस ठाणी जळली. त्यांच्याबरोबर शाळाही जळल्या. या उठावाची कारणं इतिहासाची पुस्तकं नीट सांगतात. जंगलाचा मोठा भाग राखीव करण्याचा बेत, फिरत्या शेतीवर बंदी, वाढता सारा आणि वेठबिगार ही त्यांतली मुख्य. शाळांचा उल्लेख मात्र यादीच्या शेवटी, जाता जाता येतो. पोरांना शिकवणाऱ्या जागेवर एवढा राग का असावा, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. उत्तर फार लांब नाही. दिवाण पंडा बैजनाथ यांच्या काळात शाळा वाढवण्याचा धडाका लागला होता. शाळेसाठी राबायचं गावानं, पोरं पाठवायची सक्ती गावावर, आणि मास्तर बाहेरचा. फौजदार आणि जंगलचा शिपाई ज्या वाटेनं गावात आले त्याच वाटेनं शाळाही आली. लोकांनी ती त्यांच्यातच धरली आणि त्यांच्यासारखीच वागवली. गोंडवनाच्या या पट्ट्यात, म्हणजे बस्तर, गडचिरोली आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शाळा अनेकदा उभ्या राहिल्या आणि अनेकदा पडल्या. माझं म्हणणं असं की अशांत मुलखात शाळा टिकेल की नाही हे इमारतीच्या पक्केपणावर ठरत नाही. गाव तिला आपली समजतं का, यावर ते ठरतं. शिक्षणासाठी मदत देणाऱ्या सरकारांनी आणि संस्थांनी मात्र बहुतेक वेळा पैसा ओतला तो इमारतीवर.

या म्हणण्याला सर्वांत जुना भक्कम आधार मिळतो तो निजामाच्या राज्यात. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात गोंड नेता कोमरम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. भांडण जमिनीचं आणि जंगलाचं होतं. गोंड असे का बिथरले याचा शोध घेण्याचं काम पुढे क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आलं. युद्धामुळे तो हैदराबाद संस्थानात अडकून पडला होता. त्यानं अहवाल लिहिला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. 1943मध्ये मारलवाई या गोंड खेड्यात त्यानं शिक्षक तयार करणारं केंद्र सुरू केलं. आधी गोंड तरुण शिक्षक म्हणून तयार करायचे आणि मग त्यांनी आपापल्या गावी शाळा चालवायची, असा क्रम होता. वाचनाची पुस्तकं गोंडीत आणि लिपी देवनागरी, कारण मराठीमुळे ती त्या भागात ओळखीची होती. याच सुमारास गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचं काम सुरू झालं आणि काही वर्षांत लाखाहून जास्त एकर जमीन त्यांच्या नावावर चढली. माझ्या मते योजनेची खरी ताकद इथंच आहे. ज्या सरकारनं काल गोळ्या घातल्या त्याच सरकारची शाळा लोकांनी आज स्वीकारली, कारण ती जमिनीच्या कागदाबरोबर आली आणि शिकवणारा भाऊबंदांतला होता. त्या केंद्रातून निघालेली माणसं पुढे शिक्षक झाली, गावकामगार झाली. संस्थान गेलं, 1956ला आंध्र प्रदेश झाला, शाळांत तेलुगू आली आणि गोंडी पुस्तकं मागे पडली. सत्तरच्या दशकात हायमेनडॉर्फ परत आला तेव्हा त्याला बाहेरचे आणि गावात न राहणारे शिक्षक दिसले, आणि गोंडांच्या हातून निसटलेल्या जमिनीही दिसल्या. 1981च्या 20 एप्रिलला याच आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीला गोंडांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. गोंडी शाळा बंद पडली म्हणून गोळीबार झाला असं कुणी म्हणणार नाही. पण जमीन आणि शाळा या दोन गोष्टी जशा एकत्र आल्या होत्या तशाच त्या एकत्र गेल्या, हे लक्षात घ्यायला हवं.

इथं महाराष्ट्रातला वाचक हेमलकशाकडे बोट दाखवेल, आणि ते रास्तच आहे. बाबा आमटे यांनी 1973च्या डिसेंबरात भामरागडजवळ लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि 1976मध्ये तिथं निवासी शाळा उघडली. पावसाळ्यात पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती फुगल्या की हा भाग जगापासून तुटायचा. 1980नंतर नक्षलवादी प्राणहिता ओलांडून आले, 1982ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, चकमकी आणि भूसुरुंग नित्याचे झाले, आणि ही शाळा चालूच राहिली. माडिया समाजातले पहिले डॉक्टर तिथून निघाले. मग मूल गावाबाहेर नेणारी निवासी शाळाही टिकते, असं झालं की! टिकते, पण तिथं शाळेच्या आधी दवाखाना उभा होता. अस्वलानं फाडलेला माणूस, बाळंतपणात अडलेली बाई, हिवतापानं फणफणलेलं पोर हे सगळे त्या आवारात येऊन बरे होऊन गेले होते, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे त्यांच्याशी माडियात बोलत होते. त्या विश्वासाच्या पुण्याईवर पोरं वसतिगृहात राहिली. राज्यभरच्या आश्रमशाळांत मात्र त्यांतलं फक्त वसतिगृह दिसतं. ठक्करबाप्पांनी विसाच्या दशकात पंचमहालातल्या भिल्लांसाठी उभ्या केलेल्या आश्रमांपासून आश्रमशाळेची कल्पना चालत आली आहे. तिच्यात सेवेची तळमळ होती. सरकारी खात्याकडे गेल्यावर तिचा सांगाडा उरला. आणि गंमत पाहा, चार दशकं निवासी शाळा चालवल्यावर 2015मध्ये लोक बिरादरीनंच छत्तीसगडच्या सीमेलगत नेलगुंडा गावात, मुलांच्या घराजवळ, नवी शाळा काढली. निवासी शाळेच्या मर्यादा तिथल्या माणसांइतक्या कुणाला ठाऊक असणार?

बस्तरमध्ये 2005नंतर जे घडलं ते मात्र वेगळ्याच जातीचं होतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये माओवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठिंब्यानं सलवा जुडूम सुरू झालं, शेकडो गावं रिकामी झाली, माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत आली किंवा आंध्रात पळाली. गावातली एकमेव पक्की इमारत बहुधा शाळेची असायची. तिच्यात सुरक्षा दलं उतरली आणि माओवाद्यांनी तशा इमारती सुरुंगानं उडवल्या. दलं नसलेल्या शाळाही त्यांनी सोडल्या नाहीत. ह्युमन राइट्स वॉचनं डिसेंबर 2009च्या अहवालात बिहार-झारखंडमध्ये हेच चित्र नोंदवलं आहे आणि दोन्ही बाजूंना दोषी धरलं आहे. दुसरीकडे, अबूझमाडात माओवाद्यांनी आपल्या समांतर राजवटीच्या, म्हणजे जनताना सरकारच्या, शाळा चालवल्या आणि गोंडीतून पुस्तकं काढली. पोरं शिकायला तयार होती. प्रश्न शाळा कुणाची एवढाच होता. समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांच्या सलवा जुडूमविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 5 जुलै 2011ला निकाल दिला. त्यात एक तपशील असा आहे की वाचताना हात थांबतो. विशेष पोलिस अधिकारी म्हणून महिना 3,000 रुपयांवर जे आदिवासी तरुण भरती झाले, त्यांच्यात पाचवी पास असलेल्यांना प्राधान्य होतं. त्या जंगलात पाच यत्ता शिकल्याचं फळ म्हणून हातात बंदूक आली.

विस्थापित पोरांसाठी सरकारनं काढलेला मार्ग म्हणजे पोटा केबिन. बांबूच्या भिंती, वर पत्रा, एकेका खोलीत ओळीनं लावलेल्या खाटा आणि कडेला पत्र्याच्या पेट्या. मुख्य रस्त्याला लागून, बहुधा ठाण्याच्या नजरेत, शेकडो मुलं एका आवारात. त्या काळात दुसरं करण्यासारखं काय होतं, असा आक्षेप कुणी घेईल. तो मला पूर्ण मान्य आहे. गाव जळत असताना गावातच शाळा चालवा म्हणणं हा दुरून दिलेला शहाणपणा झाला. त्या केबिनींनी एका पिढीच्या हातात पाटी टिकवली आणि दोन वेळचं जेवण दिलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तक्रार पुढची आहे. आणीबाणीत उभारलेला मांडव पंधरा वर्षं शाळा म्हणून वापरला गेला. 2024च्या मार्चमध्ये बिजापूर जिल्ह्यातल्या अशाच एका केबिनला आग लागली आणि चिमुरडी मुलगी दगावली. दंतेवाड्यात जावंग्याला एज्युकेशन सिटी उभी राहिली, तिचे फोटो झळकले, आणि आतल्या गावांत एकही शाळा नसल्याचं त्या फोटोंत दिसत नव्हतं. गावात शाळा परतल्या त्या फार उशिरा आणि फार साध्या रूपात. जगरगुंड्यात तेरा वर्षांनी 2019मध्ये वर्ग भरले. 2022मध्ये छत्तीसगड सरकारनं चार जिल्ह्यांतल्या 260 बंद शाळा पुन्हा उघडल्या. त्यांतल्या कित्येक झोपडीत भरल्या आणि त्या चालवल्या शिक्षादूत म्हणून नेमलेल्या गावातल्याच तरुणांनी, तुटपुंज्या मानधनावर. यांतले काही शिक्षादूत खबरे ठरवून माओवाद्यांनी मारले. गावचा माणूस असला म्हणजे अभय मिळतं, असा माझा दावा नाही. पण बाहेरचा शिक्षक जिथं पाऊल टाकायला तयार नव्हता तिथं वर्ग भरला तो यांच्यामुळेच, हे नाकारता येणार नाही.

सर्वांत अवघड आक्षेप भाषेचा आहे. गोंडीत शिकून पोरानं जायचं कुठं? 2011च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली, पण ती आठव्या अनुसूचीत नाही आणि तिच्यात नोकरी नाही. आईबापांना मराठी हवी, हिंदी हवी, आता इंग्रजीही हवी. वर सांगितलेली नेलगुंड्याची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, ते उगाच नाही. पण गोंडीतून सुरुवात करणं आणि गोंडीतच थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करा, असं राज्यघटनेतलं 350-अ कलम 1956पासून सांगत आलं आहे. 2019मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं ते मनावर घेतलं, स्वतःच्या अधिकारात गोंडी शाळा काढली आणि तिला गोटूलचं, म्हणजे गोंड तरुणांच्या पारंपरिक शिक्षणघराचं, नाव दिलं. शिक्षण खात्यानं विनापरवाना शाळा म्हणून नोटीस बजावली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. गावानं आपणहून शाळा मागावी आणि ती चालवावी, यासाठी ज्या जिल्ह्यात कार्यकर्त्यांनी पन्नास वर्षं जीव टाकला त्याच जिल्ह्यात गावानं ते केलं तर नोटीस! भाषेइतकीच मोलाची बाब वेळापत्रकाची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो आणि अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली असतं, पोरंही. नेमकी तेव्हाच वार्षिक परीक्षा. पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम. हजेरीपटावर त्या महिन्यांत लाल रेघा पडतात आणि आदिवासींना शिक्षणाची आवड नाही असा शेरा कायम होतो. गावानं चालवलेली शाळा ही गाठ एका बैठकीत सोडवते. खात्याला ती पन्नास वर्षांत सुटली नाही. उलट पटसंख्येच्या नावाखाली 2017मध्ये राज्यानं 1,300हून अधिक छोट्या शाळा बंद करायला घेतल्या. पाड्यावरची शाळा छोटीच असणार, हे सांगायला तज्ज्ञ समिती लागत नाही.

आता बंदुका थंडावत आहेत. 2025च्या ऑक्टोबरात माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. जंगलात रस्ते, मनोरे आणि खाणी येत आहेत, त्यांच्यामागून कंपन्यांचा सामाजिक निधी येतो आहे, आणि पुण्या-मुंबईतल्या चांगल्या मनाच्या माणसांनाही गडचिरोलीत शाळेसाठी काही करावंसं वाटतं आहे. त्यांनी जरूर करावं. मात्र दात्याच्या नावाची पाटी लागेल अशी इमारत मागायला कुणी आलं, तर आधी विचारावं की शिकवणार कोण, तो कुठं राहणार, पहिलीच्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलणार आणि ग्रामसभेचा ठराव झाला आहे का. उत्तरं पटली नाहीत तर तोच पैसा गावातल्या दोन शिक्षित मुलामुलींच्या पाच वर्षांच्या पगाराला आणि त्यांच्या प्रशिक्षणाला द्यावा. वर्ग झोपडीत भरला तरी चालेल. मारलवाईला 1943 साली सुरुवात शिक्षकांपासूनच झाली होती.