कर्जत-खालापूरचे पावसाळी कोंब : जपणूक आणि वाहतूक

शतावरी ही सह्याद्रीच्या जंगलात आपोआप उगवणारी काटेरी वेल. युरोपात शेतात पिकवली जाणारी अ‍ॅस्परॅगसची भाजी आणि ही वेल एकाच प्रजातीतल्या (genus). शतावरीच्या मुळ्या औषधाला जातात आणि पहिल्या पावसानंतर फुटणारे कोवळे कोंब भाजीला. रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी कुटुंबे हे कोंब खुडतात. शेवळे, कुळू आणि बांबूचे कोंब म्हणजे वास्ते यांचा हंगामही साधारण याच दिवसांतला. या भाज्या टिकवण्याच्या इथल्या रीती हवामान, जंगल आणि रेल्वे या तिन्हींनी घडवल्या आहेत.

कोंब खुडला तरी त्याची वाढ लगेच थांबत नाही. त्याचा श्वसनाचा वेग इतर बहुतेक भाज्यांपेक्षा जास्त असतो. त्यात साठलेली साखर भराभर खर्च होते आणि कापलेल्या टोकाकडून दोरे धरायला सुरुवात होते. आडवा ठेवला तर शेंडा वर वळतो. शतावरीच्या कोंबावर सुईसारखी बारीक पालवी उलगडू लागली की तो भाजीच्या कामाचा राहत नाही. अ‍ॅस्परॅगसच्या व्यापारात यावर ठरलेला उपाय आहे. काढणीनंतर लगेच गार पाण्याने उष्णता उतरवायची, तळाशी ओला थर घातलेल्या खोक्यात कोंब उभे भरायचे आणि 0 ते 2 अंश सेल्सिअस तापमान व 95 टक्क्यांहून अधिक आर्द्रता राखायची. असे केले तर माल दोन ते तीन आठवडे टिकतो.

कर्जतच्या डोंगरवाड्यांना बर्फ कधीच जवळचा नव्हता. रेल्वे येण्यापूर्वी कोवळी रानभाजी बहुतेक खुडली त्याच दिवशी शिजत असे. दूर न्यायची तर पायवाट तुडवावी लागे आणि तेवढ्या वेळात पाला मान टाकी. 1856 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खोपोलीपर्यंत पोहोचला. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 1863 मध्ये बोरघाट खुला झाल्यावर पुण्याची मुख्य वाट कर्जतहून घाट चढू लागली आणि पळसदरीहून खोपोलीकडे जाणारा रस्ता फाट्याचा झाला. मुंबई कर्जतपासून सुमारे 100 किलोमीटरवर आहे. रेल्वेमुळे हे अंतर काही तासांचे झाले आणि रानातली भाजी शहरात विकणे शक्य झाले. पुढे लोकल गाड्या सुरू झाल्यावर पहाटे टोपली घेऊन निघालेली बाई सकाळच्या बाजाराला कल्याण, ठाणे, दादर गाठू लागली.

या प्रवासासाठी लागणारे वेष्टन जंगलातच मिळते. सागाचे रुंद पान टोपलीच्या तळाला आणि कडेने लावतात, पळसाच्या पानांचे द्रोण होतात. कोंबांची जुडी वेलीने किंवा भाताच्या पेंढ्याने बांधतात. काही भाज्यांना निसर्गानेच आवरण दिलेले असते. वास्त्यावरची टोपणे सोलायच्या वेळेपर्यंत काढत नाहीत, तर शेवळ्याचा दांडा स्वतःच्याच आवरणात गुंडाळलेला असतो. टोपलीवर ओले गोणपाट टाकतात आणि बाजारात बसल्यावर अधूनमधून पाण्याचा हबका मारतात. माल वजनावर न विकता जुडीवर किंवा वाट्यावर विकला जातो. त्यामुळे हाताळणी कमी होते आणि कोवळे शेंडे मोडत नाहीत.

या रीतीमागे हवामानाचे गणित आहे. मेअखेरीस शेवळी येतात तेव्हा हवा तापलेली असते आणि भाजी सुकण्याची भीती असते, म्हणून ओले गोणपाट लागते. जुलैत मात्र हवाच पाण्याने भरलेली असते. तेव्हा धोका कुजण्याचा. पानाच्या थरांत फटी राहतात, वाफ निघून जाते आणि जुडी चिघळत नाही. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत तीच जुडी घाम धरते आणि बुरशीला वाव मिळतो. प्लॅस्टिक स्वस्त आणि हलके म्हणून बाजारात सर्रास आले. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, तेव्हा पानाचा पर्याय या भागात आधीपासून वापरात होताच.

विजेशिवाय चालणाऱ्या साठवणीचा एक प्रयोग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात पुढे आणला. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये ओली वाळू आणि वर झाकण, असा हा शून्य ऊर्जा शीतकक्ष. कोरड्या हवेत पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जाते. कोकणच्या पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्याने पाणी फारसे उडत नाही आणि कक्ष पुरेसा गार होत नाही. त्यामुळे नेमका कोंबांच्या हंगामात त्याचा उपयोग थोडा.

जास्त दिवस टिकवायचे तर कोंबाचे रूप बदलावे लागते. वास्ते चिरून पाण्यात भिजवतात आणि ते पाणी फेकून देतात, कारण कच्च्या कोंबातील विषारी अंश त्यातून निघून जातो. असे चिरलेले तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवता येतात किंवा वाळवता येतात. शतावरीच्या मुळ्याही सोलून वाळवल्या की पुष्कळ काळ राहतात. तिच्या कोवळ्या कोंबाला मात्र वाळवण सोसत नाही. वाळला की त्याचा दोराच उरतो.

अलीकडे कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरू लागले आहेत आणि शहरी ग्राहकाला या भाज्यांची ओळख होत आहे. घरी आणलेले शतावरीचे कोंब देठाकडून बोटभर पाण्यात उभे ठेवावेत किंवा ओल्या कापडात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावेत. तरीही दोन-तीन दिवसांत ते शिजवलेले बरे.